चुकीचं बोलणारे गुरुजी

आमच्या गुरुजींना कुठलीही गोष्ट धड माहीत नसायची. झाशीला आल्यावर पहिले काही आठवडे तरी माझं तसं पक्कं मत झालं होतं. सहावीतल्या मुलाला ते आठवीत घालत, एकुलत्या एका मुलीशी तिच्या धाकट्या भावाबद्दल बोलत आणि सिकंदराबादहून बदलून आलेल्या पोराला म्हणत, "आपने पठानकोट का पानी पिया है, इसीलिए इतना दौड़ते हैं." पोरगं खुदकन हसून, "नहीं गुरुजी, पठानकोट नहीं, सिकंदराबाद," अशी दुरुस्ती करी आणि मग सिकंदराबादबद्दल बोलतच सुटे. स्टाफरूममध्ये सगळे म्हणत, "गुरुजी सठिया गये हैं," म्हणजे साठी बुद्धी नाठी. मीही मनातल्या मनात मान डोलावत असे.

ते संस्कृत शिकवत. घर ओरछा गेटजवळच्या गल्लीत. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना आपण कुणाच्या तरी पणजोबांशी बोलतोय असं वाटायचं. स्वयंपाकघराला ते मुदपाकखाना म्हणत, आणि त्याच वाक्यात "मतलब" आणि "खैर" सुद्धा सुखाने नांदत असत. थंडीत दोन स्वेटर घालत, त्यातला तोकडा, उसवलेला वर आणि चांगला आत. "चांगला आहे, म्हणून तर झाकून ठेवतो," हे त्यांचं त्यावरचं उत्तर. पहिलीतल्या पोरापासून कँटीनमागच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना ते "आप" म्हणत. खिशात भाजलेल्या शेंगा. समोर कोणीही आलं की त्याच्या तळहातावर चार शेंगा ठेवल्या जात, हव्यात की नकोत याची वाट न बघता.

माझ्या नवऱ्याची बदली झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत झाली होती. मुलाच्या शाळेसाठी मी झाशीत, सदर बाजारच्या बाजूला घर घेऊन राहिले आणि मानसशास्त्राची पदवी गाठीला होती म्हणून एका शाळेत समुपदेशक म्हणून लागले. एका वर्षाचा करार. तेवढ्यात सहावी ते बारावीच्या सगळ्या वर्गांसाठी समुपदेशनाचा सर्वंकष कार्यक्रम आखायचा, तो मॅनेजरसाहेबांपुढे मांडायचा, त्यांनी मान्य केला तर नोकरी पुढे चालू, नाहीतर नमस्कार. तिकडच्या खाजगी शाळांत मॅनेजर म्हणजे संस्थेचा कर्ताधर्ता माणूस. प्रिन्सिपल मॅडमसुद्धा त्यांच्यापुढे खुर्चीच्या कडेवर बसत. माझ्या मदतीला एक समिती नेमली होती, तिच्यात माझ्याशिवाय एकटे गुरुजी. ज्या समितीत कुणाला जायचं नसे तिच्यात गुरुजींचं नाव घालायची तिथे रीतच होती.

पहिल्या दिवशी ते माझ्यासमोर नाही, शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "आपण कोल्हापूरच्या. यजमान बँकेत."

"नाही हो, साताऱ्याची. यजमान फौजेत आहेत, बबिन्याला."

"खैर. म्हणजे सासूबाई सोबत आहेत, तेव्हा काळजी नाही."

"कुठल्या सासूबाई? मी आणि मुलगा, दोघंच आहोत. तो पाच वर्षांचा आहे, रोज रात्री पप्पा पप्पा करतो..."

चहा संपेपर्यंत मी त्यांना माझ्या घराची सगळी कहाणी सांगून टाकली होती आणि पदराने डोळे पुसत होते. एवढं मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. घरी जाताना रिक्षात माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की या माणसाने मला एकही प्रश्न विचारला नाही. नुसता चुकत राहिला.

पण समजलं म्हणून उमजलं असं थोडंच असतं! मी माझी योजना पुस्तकात वाचली होती तशीच सुरू केली, म्हणजे प्रश्नावलीने. तुला घरी कसं वाटतं, झोप लागते का, कुणाशी मनातलं बोलतोस का, असे पुष्कळ प्रश्न हिंदीत छापून आठवी-नववीत वाटले. कागद परत आले ते बघून मी थक्क झाले. अक्षरं वळणदार, खाडाखोड नाही आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "सब ठीक है." अर्धी मुलं फौजेतल्यांची, बरीचशी रेल्वेतल्यांची. मी कागद घेऊन गुरुजींकडे गेले आणि मोठ्या उत्साहात सांगितलं, की आपल्या शाळेतली मुलं भलतीच सुखी दिसतात.

गुरुजी शेंगा सोलत म्हणाले, "ताई, या पोरांच्या घरात छापील कागद आला की तो भरून वडिलांच्या ऑफिसात जातो. क्वार्टरचा असो, रेल्वेच्या पासाचा असो, शाळेच्या दाखल्याचा असो. तिथे खाडाखोड करायची नाही आणि तक्रार लिहायची नाही, हे त्यांना बाराखडीच्या आधी शिकवलेलं असतं. आपण त्यांना आणखी एक फॉर्म दिलात. त्यांनी भरला."

मग त्यांनी पुढची दोन वाक्यं बोलून माझी सगळी योजनाच उलटीपालटी केली. "प्रश्न विचारला की पोराला परीक्षा वाटते. पण मोठा माणूस चुकला की पोराच्याने राहवत नाही."

त्यानंतर आमची आखणी खऱ्या अर्थाने सुरू झाली. मला प्रिन्सिपल मॅडमच्या शेजारची खोली मिळाली होती, दारावर पाटी, आत सोफा. गुरुजींनी ती घालवली. म्हणाले, त्या दारात पोरगं उभं राहिलं की अख्ख्या शाळेला कळतं. त्याऐवजी त्यांनी पाण्याच्या नळांमागची, खेळाचं सामान ठेवायची खोली मागितली. पाणी प्यायला जायला कुणाला कारण द्यावं लागत नाही. सोफ्याऐवजी एक बाक, भिंतीला लावून, म्हणजे दोघंही मैदानाकडे तोंड करून बसतील, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. मी दहावीनंतरची शाखा निवड, परीक्षेची भीती, बदलून आलेल्या मुलांना पहिला महिना सोबती, शिक्षकांसाठी दर टर्मला दोन दिवस, पालकांसाठी रविवारची बैठक असं सगळं नीट बसवलं. त्यात गुरुजींनी ढवळाढवळ केली नाही. "हे आपलं शास्त्र आहे, मला त्यातलं कळत नाही," म्हणाले, आणि ते खरंच होतं.

त्यांचं सगळंच चुकणं हे पद्धतीतलं होतं असं मात्र कुणी समजू नये. एकदा त्यांनी गणिताच्या मॅडमना लग्नाच्या शुभेच्छा देऊन भर स्टाफरूममध्ये श्लोक म्हटला. लग्न ठरलं होतं इंग्रजीच्या मॅडमचं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "गुरुजी, हीपण पद्धत का?" ते म्हणाले, "नाही, ही चूक." त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनीही हसत हसत सांगितलं, "आम्हांला तर ते काय मुद्दाम विसरतात आणि काय खरंच विसरतात, हे आजवर कळलेलं नाही. भाजी मात्र नेहमी चुकीचीच आणतात."

नववीत एक मुलगी होती. वडील रेल्वेत लोको पायलट, मूळचे भुसावळकडचे, राहायला रेल्वे कॉलनीत. ती मुलगी बोलायची ती कुजबुजल्यासारखं. वडिलांची ड्यूटी वेळी-अवेळी असायची, रात्रभर गाडी चालवून ते दिवसा झोपत. त्यांच्या झोपेवर गाडीतल्या शेकडो माणसांचा जीव अवलंबून, म्हणून घरात भांडं वाजवायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, बोलायचं नाही. अशा घरात वाढलेलं पोर ते. तरी तिचे उच्चार गुरुजींनी बरोबर हेरले होते. श्लोकपाठाच्या स्पर्धेला त्यांनी तिलाच निवडलं आणि सांगितलं, "इतक्या मोठ्याने म्हणा की मला ओरछा गेटला ऐकू आलं पाहिजे." ती महिनाभर तयारी करत होती. आणि स्पर्धेच्या थोडं आधी तिचं बोलणं एकाएकी बंदच झालं. कुजबुजसुद्धा नाही. स्पर्धा बुडाली. तोंडी परीक्षेत ती नुसती उभी राहिली. वर्गशिक्षिका म्हणायला लागल्या, मुलगी उद्धट झाली आहे, आई-वडिलांना बोलावून घ्या.

मी तिच्याशी मराठीत बोलून पाहिलं, म्हटलं घरची भाषा ऐकून जीव मोकळा होईल. ती नुसती मान खाली घालून बसली. नंतर कळलं, तिला मराठी सगळं समजायचं पण बोलता येत नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटायची. म्हणजे मी तिच्यासाठी आणखी एक परीक्षाच मांडली होती.

एके दिवशी मधल्या सुट्टीत गुरुजी नळामागच्या बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले. मी आत बॅटी, स्टंप बाजूला सारत होते. जाऊ का असं मी खुणेने विचारलं, तर मुलीनेच मान हलवून राहा म्हटलं.

गुरुजी मैदानाकडे बघत मराठीत म्हणाले, "आपल्या वडिलांचं सदर बाजारात भांड्यांचं दुकान आहे. चांगलं चालतं."

बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, "दुकान नहीं है. गाड़ी चलाते हैं."

"हां, ट्रक. मी विसरलो."

"ट्रक नहीं, गुरुजी. ट्रेन."

"बरोबर, बरोबर. म्हणजे आज ते इटारसीला असतील."

"नहीं." ती थांबली. "घर पर हैं. उतार दिया है ड्यूटी से. मेरी वजह से."

मग ते सगळं बाहेर आलं, रडत, अडखळत. वडील दुपारी झोपले होते, आई बाजारात गेली होती. गुरुजींनी सांगितलं होतं म्हणून तिने दार लावून मोठ्याने श्लोक म्हटले. थोड्या वेळाने बघते तर वडील उठून बसलेले. ते काही बोलले नाहीत, आंघोळ करून ड्यूटीवर गेले. आणि त्याच रात्री त्यांची गाडी लाल सिग्नल ओलांडून थोडी पुढे गेली. कुणाला खरचटलंही नाही. पण नियमाप्रमाणे त्यांना गाडीवरून उतरवलं, चौकशी बसली, नोकरी राहते की जाते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात कुणी तिला एका शब्दाने बोललं नव्हतं. तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं, की आपला आवाज फार वाईट आहे, तो पुन्हा काढायचा नाही.

"किसी को मत बताना," ती म्हणाली. "पापा को भी नहीं. सब कहेंगे, बिना सोये गाड़ी चलायी."

गुरुजी तिच्याकडे बघत नव्हतेच, पण त्यांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या होत्या. ते एवढंच म्हणाले, "नहीं बतायेंगे." श्लोक मोठ्याने म्हणायला आपणच सांगितलं होतं हे ते बोलले नाहीत, मीही नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या वर्गातला एक बदल माझ्या लक्षात आला. आधी ते "आवाज, आवाज!" करून वर्ग दणाणून सोडत. आता मुलांना म्हणत, "धीरे कहेंगे तो भी चलेगा."

त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांपुढे आमची योजना ठेवायची होती. ऑफिसात चहा, काजू, प्रिन्सिपल मॅडम, दोन-तीन ज्येष्ठ शिक्षक. मॅनेजरसाहेब हुशार माणूस. पानं उलटत म्हणाले, "बहुत बढ़िया, मैडम. बस एक चीज जोड़ दीजिए. हर महीने जिन बच्चों से बात हुई, उनके नाम और मामला ऑफिस में आ जाये. माँ-बाप फीस देते हैं, उन्हें पता होना चाहिए."

मी समजावून सांगितलं. मुलाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मी त्याच दिवशी सांगेन, तसं लिहिलंच आहे. पण बाकीचं बाहेर गेलं तर दुसऱ्या दिवसापासून त्या बाकावर कुणी बसणार नाही.

"तो मैं कैसे मानूँ कि काम हो रहा है?" ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मग त्यांनीच पुढे सांगितलं, "नौवीं की वो लड़की, जो बोलती नहीं. क्लास टीचर बता रही थीं. उसी से शुरू कीजिए. कल माँ-बाप को बुलवाते हैं, पूरी बात सामने रख दीजिए."

नाही म्हटलं तर योजना गेली आणि माझी नोकरीही. हो म्हटलं तर चौकशी चालू असलेल्या माणसाच्या घरची गोष्ट ऑफिसच्या टेबलावर, तिथून कॉलनीत, आणि त्या पोरीने आयुष्यात पुन्हा कुणापुढे तोंड उघडलं नसतं. मी म्हटलं, "सर, नाम मैं नहीं दे पाऊँगी."

गुरुजींनी घसा खाकरला. "मैनेजर साहब तो चाहते हैं कि नाम रोज प्रार्थना में पढ़े जायें."

मॅनेजरसाहेब खो खो हसले. "गुरुजी, मैं आप ही का पढ़ाया हुआ हूँ. ये वाला मुझ पर नहीं चलेगा."

सगळे हसले. मला तर रडूच यायचं बाकी होतं. गुरुजींकडचं एकमेव हत्यार सगळ्यांसमोर बोथट झालं होतं. त्यांनी चष्मा काढला, तोकड्या स्वेटरला पुसला, परत घातला, आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच एक प्रश्न विचारला.

"आप दसवीं में थे. नल के पास बैठकर आपने मुझसे एक बात कही थी. वो बात आज तक किस-किसको मालूम है?"

खोलीतलं हसू थांबलं. यात कुणाला धमकी ऐकू येईल. मला नाही आली, मॅनेजरसाहेबांनाही आली नसावी, कारण ते घाबरलेले दिसत नव्हते. तो जाडजूड, अंगठ्या घातलेला माणूस एकदम दहावीतला दिसायला लागला. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"किसीको नहीं," ते म्हणाले.

"मैंने अपनी श्रीमतीजी को भी नहीं बतायी," गुरुजी म्हणाले.

मॅनेजरसाहेबांनी पेन काढलं आणि समासात स्वतःच्या हाताने लिहिलं, नावं नाहीत, फक्त किती मुलं आली तेवढा आकडा. खाली सही केली. ती गोष्ट काय होती ते मला आजही माहीत नाही. बाहेर पडल्यावर मी आडून आडून खडा टाकून पाहिला, चुकीची दोन-तीन विधानंसुद्धा केली. गुरुजींनी माझ्या हातावर शेंगा ठेवल्या.

त्या दिवशी मला माझं काम कळलं. पदवी मी साताऱ्याहून घेऊन आले होते, पण आपल्याकडे आलेली गोष्ट आपली नसते, हे मला या माणसाने शिकवलं. आज मी जे काही बरंवाईट काम करते ते त्यांच्या त्या एका प्रश्नावर उभं आहे. हे ऋण मी कधी मोकळेपणाने त्यांच्यासमोर बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी ते गणिताच्या मॅडमना देऊन टाकलं असतं.

पुढे ती मुलगी बाकावर येत राहिली. वडिलांना हे कधीतरी सांगायचं आहे असं तिचं तिलाच वाटायला लागलं. एक दिवस म्हणाली, "आप बुला लीजिए. पर ऑफिस से फोन मत करवाना." मी स्वतः त्यांना निरोप दिला. इस्त्रीचा शर्ट घालून ते दुपारी आले, नळामागच्या खोलीत लेकीशेजारी बसले. मी दाराशी होते. तिने सगळं सांगितलं. मग ते बोलले. थोड्या वेळाने दोघं फाटकाकडे निघाली तेव्हा मुलगी बोलत होती आणि तिचा आवाज मला मैदानाच्या अलीकडे ऐकू येत होता.

गुरुजी पायऱ्यांवर बसले होते. मी धावत गेले. "गुरुजी, तिचे वडील काय म्हणाले माहीत आहे—"

त्यांनी हात वर केला. "ताई, ते आपलं, त्या लेकीचं आणि तिच्या बापाचं. मला त्यात घेऊ नका."

"पण तुम्हांला कळायलाच हवं! ते श्लोकाचं..."

"तिने मला सांगा म्हटलं असेल तर ऐकतो."

तिने तसं म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा मला दिसत होता. ते श्लोक त्यांनीच म्हणायला लावले होते, आणि उत्तर माझ्या ओठांवर होतं. तरी ते उठले, चष्मा सारखा केला आणि सातवीच्या तासाला निघून गेले. वर्ग कोणता ते त्या दिवशी मात्र अचूक.

वडिलांची चौकशी संपली, काही महिन्यांनी ते पुन्हा गाडीवर चढले, या वेळी मालगाडीवर. माझ्या नवऱ्याची बदली झाली, आम्ही झाशी सोडली. गुरुजी निवृत्त झाले. कार्यक्रम तिथे अजून चालू आहे, नळामागच्याच खोलीत. ती मुलगी आता कॉलेजात आहे, अधूनमधून फोन करते. मागच्या महिन्यात मी तिला म्हटलं, गुरुजींवर लिहायचं मनात आहे, पण तुझ्याशिवाय ते लिहिता येत नाही. ती म्हणाली, "लिखिए ना, मैडम. नाम मत डालिए. और गुरुजी को जरूर पढ़वाइए."

तर गुरुजी, आता ऐका, तिची परवानगी आहे. त्या दुपारी तिने सगळं सांगून टाकल्यावर तिचे वडील मराठीत म्हणाले, "अगं वेडे, मी झोपलोच नव्हतो. तू सुरू करायच्या आधीपासून जागा पडलो होतो. गाडी पुढे गेली ती माझी चूक, तिचं काय ते मी बघेन. तू म्हणायला लागलीस तेव्हा मी उठलो ते तू लावलेलं दार थोडं उघडायला. इतकी वर्षं घरात तुझा आवाज कुठे ऐकला होता मी?"